होडीचं शेपूट

होडीचं शेपूट ढिलं झालंय हे मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, डोळ्यांआधी कानांनी कळलं. साहेबाला बंगल्याखालच्या धक्क्यावर उतरवून ते होडी एकटेच वल्हवत आमच्या काठाला आणत होते. वारा नव्हता, पाणी हलत नव्हतं, तरी पाठीमागून खुडखुड, खुडखुड असा आवाज येत होता, जुन्या पाळण्याच्या कडीसारखा. जेवताना ते हे मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सांगत होते. मी चुलीपाशी होते. वर पाहिलं नाही, पण हात थांबला आणि तव्यातली भाकरी करपली.

साहेब त्या वस्तूला त्याच्या भाषेत काहीतरी म्हणे. आमच्यात तो शब्द कुणाच्या तोंडात बसला नाही. होडीच्या मागं उभी लावलेली, होडी वळवणारी ती फळी. बैल वळवायचा तर शेपूट पिळतात, म्हणून तिला सगळे शेपूट म्हणू लागले. होडीच्या पाठच्या फळीवर वर एक आणि खाली एक अशा दोन पितळी कड्या होत्या. शेपटाला दोन पितळी खुंट्या होत्या. खुंट्या वरून कड्यांत सोडल्या की शेपूट दारासारखं डावी-उजवीकडं फिरे. कड्या इस्क्रूंनी धरलेल्या होत्या, आणि आता ते इस्क्रू फळीत धरेनात. फिरून फिरून भोकं मोठी झाली होती. बोटानं ओढला तर इस्क्रू हातात येई.

एवढीच गोष्ट होती. चार बोटांच्या दोन कड्या. पण माझा संसार त्या कड्यांवर होता हे मला त्याच दिवशी समजलं, आणि दुसऱ्या कुणाला ते मी सांगितलं नाही.

माझं माहेर वेल्ह्याकडं, डोंगरात. नाचणी, वरई, चार म्हशी. भोरला माझे मामा शाळामास्तर होते, त्यांच्याकडं राहून मी चौथी झाले. लग्न भाटघरच्या पाण्याकाठी सुताराच्या घरात झालं. एवढं पाणी मी आधी पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी घरातल्या बायकांना विचारलं की गाव कुठं आहे. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, पाण्याकडं हात करून म्हणाल्या, "त्यो काय, तळाला."

धरण वाढवलं तेव्हा जुनं गाव बुडालं आणि घरं वर चढावर आली. पण सगळी आली नाहीत. ज्यांच्या जमिनी गेल्या ते लांब लांब गेले, कोण घाटाखाली, कोण नीरेच्या कालव्याकडं. मामंजी त्या गावाचे सुतार. नांगर, कुळव, गाडीचं चाक, दाराची चौकट, सगळं त्यांच्या हातचं, आणि सुगीला खळ्यावर त्याचं बलुतं यायचं. ज्यांच्या खळ्यावर जायचं ती माणसंच राहिली नाहीत. चैत्रात पाणी उतरलं की आमच्या जुन्या घराचं जोतं चिखलातून वर यायचं. मामंजी काठी टेकत खाली जायचे आणि त्या जोत्यावर बसून राहायचे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांना काय दिसत होतं कुणास ठाऊक.

मालकांनी नांगराचं काम कमी आणि होडीचं जास्त केलं ते असं. पाण्याच्या खात्यातल्या एका साहेबानं छोटी शिडाची होडी आणवली. रविवारी सुट्टीला तो बंगल्यावर यायचा आणि वाऱ्यावर होडी सोडायचा. होडी राखायला, पुसायला, शीड वाळवायला माणूस पाहिजे होता. लाकूडकाम येतं म्हणून मालकांना घेतलं. महिन्याचं काम, घरापासून हाकेवर. त्यामुळं ते माझ्या नजरेसमोर राहिले. आमच्या शेजारची निम्मी पुरुषमाणसं मुंबईला गिरणीत होती. त्यांच्या बायका वर्षाला एकदा नवरा बघत. मी तशी नव्हते. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, दृष्ट लागेल म्हणून.

मग पावसाळ्याच्या तोंडाला साहेब पुण्याला गेला आणि बंगल्यावरच्या मुकादमानं आमच्या अंगणात येऊन निरोप दिला. मुकादम मोठ्यानं बोलणारा माणूस. त्याचं बोलणं ऐकायला दाराआड उभं राहावं लागत नसे.

"साहेब दिवाळीला येनार हाय, मडमेला घिऊन. तवर शेपूट नीट पायजे. न्हाईतर होडी खडकवासल्याला जानार. तितं बोटवाले हायती."

"आन मी?" मालक म्हणाले.

"तू बस की हितं मासं मोजत. सुताराच्या पोरा, नांगराला शेपूट नसतंय म्हनून तुला जमंना व्हय?"

मालक हसले. मुकादम गेल्यावर त्यांचं हसू तसंच तोंडावर राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं.

आत्याबाईंनी भांडी आवरता आवरता विषय काढला. मालकांचा चुलतभाऊ मुंबईला गिरणीच्या सुतारखात्यात होता. तो दर जत्रेला सांगून जायचा, ये, लावून देतो. आत्याबाई म्हणाल्या, "त्या शेपटाच्या नादाला कशाला लागतूस? ममईला जा. बाकीच्यांची पोरं गेली, काय मेली?"

"होडी नीट झाली तर कशाला जाऊ?" मालक म्हणाले.

"आन न्हाई झाली तर?"

ते उठून पाणी प्यायला माझ्याकडं आले. मी तांब्या दिला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी तांब्याकडं. मला म्हणायचं होतं, होडी नीट होईल. पण मी घरात कुणासमोर त्यांच्याशी बोलत नसे, आणि कुणासमोर नसतानाही थोडंच बोले. मला शब्द तोंडापर्यंत यायला वेळ लागतो. तोवर माणसं निघून जातात.

श्रावण सरला तसं काम सुरू झालं. मालकांनी आणि शेजाऱ्यांनी होडी ओढून जांभळीच्या झाडाखाली आणून पालथी घातली होती, ती सुलटी केली, दोन ओंडक्यांवर टेकवली. आधी मालक भोरच्या बाजारात जाऊन आले. तेवढे जाड पितळी इस्क्रू तिथं कुणाकडं नव्हते. दुकानदार पुण्याला जा म्हणाला. मामंजी म्हणाले, "इस्क्रू जाड करून काय हुतंय? भोक पोकळ हाय. आदी भोक भर."

भोक भरायचं कसं हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार. नांगराचं इसाड, जुवाकडं जाणारा लांब दांडा, हलू लागलं की ते पाचर मारत. चाकाचा आरा हलला की पाचर. हयातभर त्यांनी सैल झालेली प्रत्येक वस्तू पाचरीनं घट्ट केली होती. त्यांनी मला माळ्यावर चढवलं आणि आढ्याजवळ ठेवलेला बाभळीचा तुकडा काढायला लावला. एका मोडक्या नांगराचा होता. चुलीचा धूर खाऊन खाऊन काळा, दगडासारखा कोरडा. त्यांनी तो हातात घेऊन वास घेतला, नखानं टिचकी मारली आणि ऐकलं.

"ही बगा," ते म्हणाले, "ह्यात पान्याचा थेंब न्हाई. ह्याची पाचर ठोकली आन वरनं पानी पिली, की फुगंल. फुगली की बैलं लावलीत तरी निघायची न्हाई."

"आबा, होडीची फळी बारीक हाय," मालक म्हणाले. "नांगरावानी जाड न्हाई."

"लाकूड ते लाकूड."

मालकांनी पुढं विचारलं नाही. आमच्या घरात मामंजींच्या वाकसापुढं, लाकूड तासायच्या त्या हत्यारापुढं, कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. दसऱ्याला तो वाकस पाटावर बसायचा आणि सगळे त्याला हात जोडायचे, देवाच्या आधी. नांगरात, गाडीत, चौकटीत त्यांची पाचर कधी खोटी पडली नव्हती. मग होडीत का पडेल.

पाचर मारताना फळीला आतून कुणीतरी रेटून धरायला हवं होतं, नाहीतर घावासरशी ती झिणझिणायची. मामंजींच्या अंगात तेवढं बळ नव्हतं. शेजारीपाजारी भाताच्या भांगलणीला गेलेले. मालक म्हणाले, "ही धरंल." आत्याबाईंनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाल्या नाहीत.

अशी मी होडीत बसले. मी आत, मालक बाहेर, मधे फळी. आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो. म्हणूनच असेल, मला बोलता आलं. आयुष्यात मी त्यांच्याशी जेवढं बोलले त्यातलं निम्मं त्या फळीतून बोलले.

"दाब," ते बाहेरून म्हणायचे.

"दाबलंय."

"दाबतीस का गोंजारतीस? भाकरी थापतीस तसं दाब."

"भाकरी फाटंल एवढं दाबलंय."

बाहेरून हसू यायचं, मग हातोडीचा घाव. तो माझ्या तळव्यातून कोपरापर्यंत चढायचा. मी त्यांना विचारलं, मडम कशी असते. ते म्हणाले, उन्हाला भिणारी. त्यांनी मला विचारलं, तुला शाळेत काय आवडायचं. मी म्हटलं, नकाशा. त्यात वेल्हे नव्हतं, ते मी पेन्सिलीनं काढलं होतं आणि मामांनी कान पिळला होता. मग ते म्हणाले, "ममई हुती का त्यात?"

"व्हती."

"लांब?"

"वीतभर," मी म्हटलं.

त्यानंतर त्यांनी दोन घाव जोरात मारले.

एका कडीला चार भोकं, एका ओळीत, आडवी. मामंजी शेजारी बसून पाचरी तासून देत. डोळे नसताना बोटांनी तासत. पाचर आडव्या ओळीत एकापुढं एक बसत गेली. फळीच्या लाकडाच्या रेषाही आडव्या होत्या. नांगराला पाचर मारतात ती रेषांना छेद देऊन मारतात, नाहीतर लाकूड रेषेवर चिरतं, हे मला आज माहीत आहे, ते तिघांपैकी दोघांना तेव्हाही माहीत होतं. पण इथं भोकं साहेबाच्या देशातल्या कुणीतरी आधीच पाडून ठेवली होती. जिथं भोक तिथं पाचर. वेगळं करण्याचं कुणाच्या मनात आलं नाही. पाचरी बसल्या, वरची टोकं पटाशीनं उडवली, त्यांत नवी बारीक भोकं पाडून तेच जुने इस्क्रू पिळले. ते कर्र कर्र करत गेले. ढिला इस्क्रू असा आवाज करत नाही. मग कड्यांभोवती साहेबाच्या डब्यातला पांढरा रंग दोनदा दिला. मामंजींनी कडीला धरून अख्खी होडी हलवली. होडी हलली, कडी हलली नाही. त्यांनी तंबाखू काढली.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मालकांनी होडी पाण्यात लोटली. वाकसाची पूजा झाली होती. शेपूट कसं वळतं ते बघायला माणूस हवा म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी नको म्हटलं. मामंजी म्हणाले, "जा गं, तुजाबी हात लागलाय." मी बसले. मालकांनी शीड अर्धंच चढवलं. वारा वेल्ह्याकडच्या डोंगरांवरून येत होता. त्यांनी शेपटाचा दांडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "उजवीकडं जायचं तर डावीकडं लोट. उलटं असतंय." मी लोटला. एवढी होडी, शीड, त्यात बसलेला माणूस, सगळं माझ्या हाताच्या म्हणण्यानं वळलं. खुडखुड आवाज नव्हता. खाली कुठंतरी आमचं जुनं गाव असेल, देऊळ, पार, घरं. मी त्यावरून गेले. मालक पुढं बसून माझ्याकडं बघत होते. त्यांच्या मुंडाशात आपट्याची पानं खोवलेली होती.

काठावर आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "झाली का गंगा न्हाऊन? गाव बगतंय." मला त्याचंही काही वाटलं नाही.

ते माझं सुख. ते एवढंच होतं, आणि ते खोट्या कामावर उभं होतं. त्या वेळी पाचरी पाणी प्यायला नुकत्याच लागल्या होत्या.

साहेब येईपर्यंत होडी पाण्यातच बांधलेली होती. पाण्यात राहिली की फळ्यांच्या फटी मिटतात, म्हणून ती तशीच ठेवायची रीत होती. मालक रोज जाऊन शेपूट हलवून बघत आणि घरी येऊन सांगत, दिवसेंदिवस घट्ट होतंय. मामंजी मान डोलवत. बाभूळ आपलं काम करत होती. आम्हाला आनंद होत होता, आणि रंगाखाली फळी तडकत चालली होती.

दिवाळी झाल्यावर साहेब मडमेला घेऊन आला. मी काठावर धुणं घेऊन बसले होते, मुद्दाम. होडी निघाली. साहेबाच्या हातात शेपूट, मधे मडम, पुढं मालक. भर पाण्यात जाईपर्यंत सगळं नीट होतं. मग डोंगराकडून वाऱ्याचा झोत आला. शीड फुगलेलं दिसलं, होडी कलली, साहेबानं दांडा ओढला असेल. काड् असा आवाज मला ऐकू आला असं मला वाटतं, पण एवढ्या लांबून तो ऐकू येणं शक्य नाही. होडी स्वतःभोवती गरकन फिरली. शीड पाण्याला टेकलं. मी उभी राहिले. हातातलं लुगडं पाण्यात गेलं ते मला कळलं नाही.

कुणी बुडालं नाही. मालकांनी शीड उतरवलं, मागं सरकून चिरेत आपलं मुंडासं कोंबलं आणि एका वल्ह्यानं होडी काठाला आणली. पाठची फळी कडीच्या भोकांपासून भोकांपर्यंत सरळ फाटली होती, बांबू फाटतो तशी. शेपूट खालची कडी आणि फळीचा तुकडा घेऊन वाहून गेलं होतं.

साहेब रागावला नाही. मालक सांगत होते की तो काठावर उतरून हसला, बुटातलं पाणी ओतलं, मालकांच्या खांद्यावर थाप मारली आणि मडमेला घेऊन बंगल्यावर गेला. शिव्या दिल्या असत्या तर काहीतरी मागता आलं असतं. हसलेल्या माणसाकडं काय मागायचं.

मालक घरी बोडके आले. घरातला पुरुष उघड्या डोक्यानं उंबऱ्यात उभा राहतो तो एकाच वेळी. आत्याबाईंनी त्यांना तसं पाहिलं आणि कुणी गेलं असं समजून गळा काढला. त्यांना गप्प करायला वेळ लागला. मला नंतर वाटलं, त्यांचं फारसं चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुकादम आला. या वेळी तो हळू बोलला. "साहेब म्हनतोय ऱ्हाऊ दे. त्येला आता बदली हाय. होडी बंगल्याच्या मागं टाकून ठिवा म्हनला." मग जाताना म्हणाला, "तुजं काम बी मग ह्या महिन्यापुरतं."

मामंजींनी मालकांना होडीकडं न्यायला सांगितलं. मी मागून पाणी घेऊन गेले. ते खाली बसले आणि वरच्या कडीच्या चिरेवरून त्यांनी बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत. प्रत्येक भोकापाशी बोट थांबलं. पाचरी तिथंच होत्या. फुगलेल्या, भक्कम. एकही हलली नव्हती. फळी गेली, पाचर राहिली होती.

"निघाली न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई, आबा," मालक म्हणाले.

दोघांमधे एवढंच बोलणं झालं. मालकांनी त्यांना कधी बोल लावला नाही. मामंजींनी वाकस पुन्हा हातात धरला नाही. पुढच्या दसऱ्याला तो पाटावर मांडला तर ते पाठ करून बसले.

आठवड्याभरात मला धुण्याच्या दगडापाशी शेपूट सापडलं. लाटेनं आणून घातलं होतं. मी ते डोक्यावर घेऊन घरी आणलं. बंगल्यावरून कुणी विचारायला आलं नाही. ते चुलीच्या खोलीत भिंतीला उभं राहिलं.

मालक मार्गशीर्षात गेले. कापूरहोळापर्यंत चालत, तिथून मोटार पुण्याला, पुढं आगगाडी. वळकटी मीच बांधली. त्यांची पटाशी आणि रंधा कापडात गुंडाळून दिला. त्यांनी मला विचारलं, "काय आनू?" मी मान हलवली. मला त्यांना जाऊ नका म्हणायचं होतं. पण मधे फळी नव्हती. ते समोर उभे होते, माझ्याकडं बघत, आणि मला एक अक्षर आलं नाही. ते वळणावरच्या वडापर्यंत दिसले. त्यांनी नवं मुंडासं बांधलं होतं.

पहिली दोन वर्षं ते जत्रेला आले. पैसे येत होते, मालक येत नव्हते, असं तिसऱ्या वर्षी झालं. मग लढाई सुरू झाली, गिरण्या दिवसरात्र चालू लागल्या. आत्याबाई वारल्या तेव्हाही ते बाराव्याला पोचले आणि तेराव्याला निघाले. त्यानंतर एकदा, कुणाला न कळवता, वैशाखात आले. अंगात शर्ट, पायात चपला. पाणी उतरलेलं होतं. त्यांनी भाकरी खाल्ली आणि पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काही काढून माझ्यासमोर ठेवलं. जाड पितळी पट्ट्या, भोकं पाडलेल्या, आणि नटबोल्ट.

"गोदीत कामाला गेल्तो," ते म्हणाले. "गिरनीनं धाडल्तं, खोकी करायला. तितं होड्या वर घेतल्यात्या. म्या मुद्दाम समद्यांची पाठ बघितली. ते पाचर मारीत न्हाईत. फळीच्या आतनं पट्टी लावत्यात, आन बोल्ट आरपार. फळीवर भार येतच न्हाई, पट्टीवर येतो." त्यांनी पट्टी माझ्या तळव्यावर ठेवली. "तू धरत हुतीस ना, तितं. तुज्या हाताच्या जागी ही."

मी पट्टी हातात धरून बसले. त्यांना वाटत होतं होडी बंगल्यामागं आहे. मुकादमाशी बोलू, नवा साहेब आला असेल, फळी बदलू. ते भराभर बोलत होते, त्या दसऱ्यासारखे. होडी मागच्या पावसात बंगल्यावर फोडून जाळली होती. लाकूड ओलं होतं म्हणून धूर फार झाला. तो धूर मी आमच्या अंगणातून पाहिला होता.

हे मीच सांगितलं. या वेळी शब्द लगेच आले. दोनच होते. "जाळली ती."

त्यांनी भिंतीला टेकलेल्या शेपटाकडं पाहिलं. मग उठले, शेपूट उचललं, बाहेर गेले. शेळ्यांच्या कुडाच्या खोपटाला दार नव्हतं, तोंडाशी काटेरी फांदी लावत असू. त्यांनी तिथल्या मेढीला, म्हणजे खांबाला, आतून पट्टी आणि आरपार बोल्ट घालून, त्या पितळी कड्या बसवल्या. एक जुनीच, शेपटाबरोबर आलेली, एक मुंबईच्या भंगारातून आणलेली. वरून शेपूट सोडलं. मला आतून पट्टी धरायला बोलावलं नाही. बोल्टला धरायला माणूस लागत नाही. मामंजी अंगणात बसून ऐकत होते. काम झालं तसं त्यांनी हात पुढं केला, मालकांनी तो दारावर ठेवला. त्यांनी हलवून पाहिलं.

"कुनी शिकिवलं?"

"कुनी न्हाई. बघून."

"बरं हाय," मामंजी म्हणाले आणि हात काढून घेतला.

मालक चौथ्या दिवशी गेले. ते त्यानंतर आलेले नाहीत. चुलतभाऊ जत्रेला येतो, तो माझ्याकडं न बघता बोलतो. तिथं खोली आहे म्हणतो. खोलीत कोण आहे ते सांगत नाही, आणि मी विचारत नाही. मामंजी गेले. आता घरात मी आणि शेळ्या.

पाऊस, वारा, शेळ्यांच्या धडका, सगळं झालं. संध्याकाळी दार लावताना मी रोज कडीला धरून ओढून बघते. आतून पट्टीवर हात ठेवून, बाहेरून ओढते. ती मुळीच हलत नाही.